रोमन रेन्सला मोठं कुणी केलं, लोकांनी की कंपनीने?

पार्क चौक
डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या ठरवून खेळायच्या कुस्तीच्या कंपनीत वरचा माणूस प्रेक्षक ठरवतात, असं आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं. दाखला कोडी ऱ्होड्सचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत, चॅम्पियन रोमनसमोरची त्याची जागा जुना स्टार रॉकला द्यायचं चाललं होतं, लोकांनी बोंबाबोंब केली, कंपनी नमली आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडीने रोमनचा बेल्ट घेतला. मला हे अर्धवट वाटतं. कोडीला २०२३ ची रॉयल रंबल, म्हणजे तीस जण एकेक करून उतरतात आणि जिंकणाऱ्याला रेसलमेनियात बेल्टची मॅच मिळते ती, कुणी जिंकवली? २०२४ ची कुणी? शेवटी एन्ट्री, शेवटी माईक, शेवटची मॅच, सगळं कंपनीचंच. कंपनीने पुढे केलेल्या दोघांतला एक लोकांनी उचलला, एवढंच. लोकांच्या हातात नकार आहे, निवड नाही.

जुळे सोलापूर
मग डॅनियल ब्रायनचं काय करायचं, भाऊ? तो पुढे केलेल्यांत नव्हताच. २०१४ ची रंबल पिट्सबर्गला झाली, त्यात ब्रायनला घेतलंच नाही. तिसाव्या नंबरला रे मिस्टेरिओ आला तर लोकांनी त्याचीसुद्धा हुर्यो उडवली, का तर तो ब्रायन नव्हता म्हणून. रे मिस्टेरिओची हुर्यो! बतिस्ता जिंकला आणि त्याचीही हुर्यो उडाली. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याच ब्रायनने आधी ट्रिपल एचला हरवलं आणि त्याच रात्री ऑर्टन आणि बतिस्ताच्या मॅचमध्ये घुसून बेल्ट नेला. ही निवड नाही तर काय आहे?

पार्क चौक
आणि जूनमध्ये बेल्ट गेला.

जुळे सोलापूर
मानेच्या दुखापतीने गेला. ते कंपनीच्या माथी मारू नका.

पार्क चौक
बरं, ब्रायन सोडा. कोफी किंग्स्टन घ्या. २०१९ मध्ये मुस्तफा अली हा दुसरा पैलवान जखमी झाला म्हणून कोफीला जागा मिळाली, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, रेसलमेनियाला तो चॅम्पियन झाला. इथवर तुमचं खरं. पण ४ ऑक्टोबरला स्मॅकडाउन हा कंपनीचा दर आठवड्याचा शो फॉक्स चॅनेलवर गेला, पहिलाच शो, आणि ब्रॉक लेसनरने कोफीला दहा सेकंदही टिकू दिलं नाही. नवीन चॅनेलला चेहरा हवा होता लेसनरचा. लोकांचा माणूस सहा महिने ठेवला, कामाच्या दिवशी बाजूला केला.

तालमीतला
मी आपला कुस्तीचा माणूस, मला तुमचं हे भांडण कळायलं नाही. आमच्याकडं यात्रेच्या मैदानात एक नंबरची जोड कमिटी लावती. ज्याच्या नावावर गर्दी येती त्याचा फोटो पत्रकावर मोठा, त्याला इनाम जास्त. इथवर तुमच्यासारखंच. पण हलगी वाजली की पुढं काय होणार ते कमिटीच्या बापालाही माहीत नसतं. जानेवारी २०२३ ला पुण्यात महाराष्ट्र केसरीला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत पंचांनी गुण दिले त्यावरनं किती दिवस राडा चालला, आठवतंय ना? दोघंही आपल्याच जिल्ह्यातली पोरं. तिथं भांडण्यात अर्थ आहे. तुमच्याकडं निकालच लिहून ठेवलेला. नुरा कुस्तीवर कसलं भांडायलाव बे?

जुळे सोलापूर
अण्णा, निकालावर कोण भांडतंय? नुरा आहे हे आम्हाला शाळेत असल्यापासून माहीत आहे. एक नंबरची जोड कुणाची लावायची, त्यावर भांडण आहे. ते तुमच्या मैदानातही होतंच की.

तालमीतला
होतं. पण आमच्यात एक नंबरचा पैलवान दोन मैदानं पडला की तिसऱ्या पत्रकावर त्याचा फोटो आपोआप बारका होतो. तुमच्यात होतो का?

होटगी रोड
अण्णांनी नेमकं धरलं. होत नाही, कारण तिथं हरणंसुद्धा हिशेबातलं असतं. लेसनरची साखळी बघा. एप्रिल २०१४ ला त्याने रेसलमेनियात अंडरटेकरला हरवलं. त्याआधी २१ मॅच आणि एकही हार नाही असा तो माणूस. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला जॉन सीनाला १६ सुप्लेक्स (उचलून मागे आपटायचा डाव) मारून लोळवलं. सीना, म्हणजे दहा वर्षांचा कंपनीचा चेहरा! एवढं वजन एका माणसावर कशाला चढवायचं? तर मग जो लेसनरला पाडेल त्याच्याकडे ते सगळं एका रात्रीत जावं म्हणून. आणि मार्च २०१५ मध्ये लेसनरसमोर कोण उभा केला? रोमन. त्याच्या दोन महिने आधी रोमनने फिलाडेल्फियात रंबल जिंकली तेव्हा खुद्द रॉकने येऊन त्याचा हात वर धरला, तरी लोक ओरडतच होते. रॉकचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्टार असा बनवतात. म्युझिक, व्हिडिओ, कॉमेंट्रीवाल्यांची स्तुती हे वरचं. खरा माल म्हणजे दुसऱ्यांच्या हारी.

जुळे सोलापूर
आणि एवढं करूनही तो चालला नाही! तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. ३१ ते ३४, सलग चार रेसलमेनियांत शेवटची मॅच रोमनची. अंडरटेकरलासुद्धा त्याच्या हातून हरवलं. तरी २०१८ ला न्यू ऑर्लिन्सला लोक लेसनर-रोमन मॅच सोडून स्टँडात बीच बॉल उडवत बसले. पैसा, वेळ, अंडरटेकर, सगळं ओतलं आणि लोकांनी घेतलं नाही. रोमन मोठा झाला २०२० ला, व्हिलन झाल्यावर. लोक जे पाच वर्षं सांगत होते तेच कंपनीने अखेर केलं.

पार्क चौक
२०२० च्या ऑगस्टमध्ये स्टेडियममध्ये कोण होतं, सांगा. कुणीच नाही. कोरोना. भिंतीभर स्क्रीन आणि त्यात घरी बसलेले लोक, आवाज कंपनीच्या बटणावर. ज्या माणसाला लोक पाच वर्षं नाकारत होते त्याला नवा चेहरा, त्याच्या वतीने बोलणारा पॉल हेमन आणि बेल्ट मिळाला, तो नेमका नकार द्यायला कुणी नसताना. हॉल परत भरू लागले तोवर तो ‘हेड ऑफ द टेबल’ होऊन बसला होता. बेल्ट एकूण १३१६ दिवस त्याच्याकडे.

होटगी रोड
हे मात्र जबरदस्त निरीक्षण आहे. पण २०२१ च्या जुलैत टूर परत सुरू झाल्यावर लोकांनी त्याला स्वीकारलंच ना? नको असता तर परत बीच बॉल निघाले असते.

जुळे सोलापूर
तेच म्हणतोय.

अक्कलकोट रोड
सगळे अमेरिकेतच फिरायलेत. आपल्या बाजूने बघा की. मे २०१७, जिंदर महल. महिनाभर आधीपर्यंत हरायच्या कामाला ठेवलेला माणूस, अचानक ऑर्टनला हरवून चॅम्पियन. कुणी मागितला होता? आपण? माझ्या ओळखीत एकानेही नाही. भारतात धंदा वाढवायचा होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माणूस कॅनडात जन्मलेला, प्रोमो (माईकवरचं भाषण) पंजाबीत, तोही भारतीयांना राग यावा असा नाही तर अमेरिकनांना राग यावा असा. आणि गंमत म्हणजे नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला एजे स्टाइल्सकडून बेल्ट घालवला, डिसेंबरमध्ये दिल्लीत आला तो रिकाम्या हाताने, आणि तिथं ट्रिपल एचने त्याला पाडला. दिल्लीत! ज्यांच्यासाठी चॅम्पियन केला म्हणता, त्यांच्यासमोरच.

जुळे सोलापूर
याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दिल्लीतल्या लोकांनीही त्या रात्री ट्रिपल एचलाच उचलून धरलं, हे विसरू नका.

पार्क चौक
म्हणजे नकारच. निवड कुठंय?

होटगी रोड
तुम्ही दोघं एकाच गोष्टीला दोन नावं देताय. सीनाचं बघा: २००५ पासून बेल्ट, लहान मुलांत टी-शर्टची तुफान विक्री, मोठी माणसं ‘सीना सक्स’ ओरडतायत. वर्षानुवर्षं मागणी एकच, याला व्हिलन करा. कंपनीने ऐकलं नाही, कारण ओरडणारे तिकीट काढत होते आणि पोरं शर्ट घेत होती. मार्च २०२५ मध्ये टोरांटोत अखेर केला व्हिलन. ऑगस्ट लागताच परत चांगला.

पार्क चौक
पाच महिने! निवृत्तीच्या वर्षात! आता याला लोकांचं ऐकणं म्हणणार का, जुळे सोलापूर?

जुळे सोलापूर
म्हणणार. उशिरा ऐकलं, वाईट लिहिलं. पण परत चांगला का केला? शेवटच्या वर्षी सीनाची हुर्यो उडवायला लोकच तयार नव्हते.

तालमीतला
म्हणजे आधी व्हिलन कर म्हणून ओरडायचं आणि केला की रडायचं. त्यापेक्षा आमच्या मैदानाला या. फुकट असतंय.