भुसावळच्या स्लॅबच्या घरात उन्हाळा कसा काढावा? घरात वृद्ध आई-वडील आणि लहान मुलगी आहे

हतनूरकाठ :

मंडळी, नमस्कार. उन्हाळा कसा सोसावा हे भुसावळकराने दुसऱ्याला विचारावे, हे फारसे शोभणारे नाही, तरीही विचारतो आहे. आमचे घर दुमजली असून आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर उघडा सिमेंटचा स्लॅब आहे आणि झोपण्याच्या खोलीची भिंत पश्चिमेकडे आहे. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७४. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे. दुपार आम्ही कशीबशी निभावून नेतो, परंतु रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ती तापलेली लागते, आणि आई-वडिलांना पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कूलर आहे, पण धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवून तो चालवतो आणि खोलीत नुसता दमटपणा साचतो. मोजकेच पैसे हाताशी असताना ते एसीवर घालावेत, नव्या कूलरवर घालावेत की छतावर, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा नाही. रावेर तालुक्यात आमची थोडी केळीची शेती आहे, आणि दरवर्षी मे महिना आला की घरात एकच चर्चा सुरू होते, की मुलगी मोठी होईपर्यंत हा मुलूख राहण्याजोगा तरी उरेल का, की आताच नाशिककडे सरकावे. मुलगी हे सारे ऐकत असते आणि मग प्रश्न विचारते. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवून तिने मला विचारले, की आपण एसी लावला तर तिथे आणखी कोळसा जळेल का. मला नीट उत्तर देता आले नाही.

चुनखडी :

मी जळगावात बांधकामाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरतेच बोलतो, आणि माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : पहिला रुपया छतावर घालावा. आपला त्रास दुपारच्या हवेचा कमी आणि रात्रीच्या स्लॅबचा अधिक आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेतो, ती उष्णता त्याच्या जाडीतून खाली उतरायला काही तास लागतात, आणि म्हणून बाहेर झुळूक सुटलेली असते नेमक्या त्या वेळी तो संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आपल्या खाटेवर उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत एसी लावणे म्हणजे पेटत्या चुलीवर ठेवलेल्या भांड्यात बर्फ टाकत राहण्यासारखे आहे. यंत्र अखंड चालते, वीजबिल वाढते आणि छत तापलेलेच राहते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात देणे. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच मोठा हिस्सा आल्या वाटेने परत पाठवतो, तर जुने काळवंडलेले सिमेंट त्यातले बहुतेक पिऊन टाकते. बाजारात उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात, ते चुन्यापेक्षा अधिक वर्षे टिकतात, परंतु महाग पडतात. चुना मात्र दरवर्षी होळीनंतर नव्याने द्यावा लागतो. दुसरा उपाय आपल्याकडे शेतीमुळे सहज मिळणाऱ्या शेडनेटचा आहे. ती गच्चीवर अंथरू नये, तर स्लॅबपासून दोन-तीन फूट उंच ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो आणि ऊन स्लॅबपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. दोऱ्या मात्र पक्क्या बांधाव्यात, कारण मान्सूनपूर्व वादळात सैल बांधलेली नेट शेजाऱ्याच्या तारांवर जाऊन पडते. पश्चिमेच्या भिंतीलाही हाच न्याय लावावा : पडदा खिडकीच्या आत असण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई किंवा नेट सोडलेली केव्हाही चांगली, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही.

कूलर बदलण्याची गरज मला दिसत नाही, चालवण्याची रीत बदलावी लागेल. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, एवढेच त्याचे तत्त्व आहे, आणि त्यासाठी त्याला बाहेरची कोरडी हवा सतत मिळाली पाहिजे व खोलीतली दमट हवा समोरच्या खिडकीतून बाहेर पडली पाहिजे. बाहेर ४५ अंश तापमान आणि कोरडी हवा असताना चांगला कूलर ३० अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. खिडक्या बंद केल्या की तेच यंत्र घामाला वाळू देत नाही. धुळीची भीती असेल तर खिडकीला जाळी लावावी. आपल्याकडच्या पाण्यातील क्षारांमुळे पॅडवर पांढरा थर चढतो, तो वेळच्या वेळी धुऊन काढावा, आणि टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करावे, नाहीतर डासांची सोय होते. जूनमध्ये ढग भरून आले की कूलर निरुपयोगी ठरू लागतो. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी, आणि केवळ आई-वडिलांच्या खोलीत, एसीचा विचार करावा असे मी म्हणेन, परंतु छताचे काम झाल्यावर.

मेहरूण :

आमच्या लहानपणीही जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर जातच असे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींमध्ये दुपारी गारवा असायचा, संध्याकाळी अंगणात सडा पडायचा आणि रात्री सगळे गच्चीवर झोपायचे. आपण धाबे पाडून स्लॅब टाकले, अंगणातले निंब तोडून फरश्या घातल्या, आणि आता दोष मात्र हवामानबदलाला देतो. मला ही सगळी भीती थोडी अवाजवी वाटते.

पांझरा :

मेहरूण यांचे घरांविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मी धुळ्यात भूगोल शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खानदेश तापतो याची कारणे जुनीच आहेत : आपण समुद्रापासून दूर आहोत, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे खोरे पसरलेले आहे, एप्रिल-मे महिन्यांत आकाश निरभ्र असते, वायव्येकडून कोरडे वारे येतात आणि रब्बी निघाल्यावर काळी जमीन उघडी पडते. हे सर्व शंभर वर्षांपूर्वीही होते. बदलली आहे ती पातळी, जिच्यावर हा उन्हाळा उभा राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार, १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीशी तुलना करता २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १.०९ अंशांनी वाढलेले होते. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्याच अहवालात पुढे असेही आहे, की पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आता जमिनीवर सुमारे २.८ पट वारंवार येते, आणि तापमानवाढ दोन अंशांवर गेली तर ती ५.६ पट येईल. भारतापुरते सांगायचे तर १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आहे. तेव्हा ४५ अंश नवे नाहीत, परंतु त्यांच्या फेऱ्या वाढत आहेत आणि दोन फेऱ्यांमधला विसावा कमी होत आहे.

हवामान विभागाच्या निकषांचा येथे उपयोग होतो. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल तर उष्णतेची लाट मानतात. प्रत्यक्ष ४५ अंश झाले तर सरासरी काहीही असली तरी लाट, आणि ४७ झाले तर तीव्र लाट. याखेरीज उष्ण रात्रीचाही वेगळा निकष आहे, आणि भुसावळच्या माणसाने सूचना वाचताना त्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही उसंत मिळाली नाही की वृद्ध माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खचतात.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर खरे तेच द्यावे : हो, वीज वाढली की आज तरी कोळसा वाढतो. त्याचबरोबर तिला हेही दाखवावे, की आपल्याच खानदेशात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. त्याच तालुक्यातल्या बारीपाड्याच्या गावकऱ्यांनी उजाड झालेले जंगल राखून पुन्हा उभे केले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हेही तिला सांगावे. शक्य झाल्यास सुट्टीत तिला तेथे घेऊन जावे. नऊ वर्षांच्या मुलीला धीराचे शब्द देण्यापेक्षा काम करणारी माणसे दाखवलेली अधिक पटतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

रात्रपाळी :

मी डॉक्टर आहे. एसीविषयी अपराधी वाटून घेऊ नये, हे आधी सांगतो. सत्तरीतल्या माणसासाठी लाटेच्या दिवसांत थंड खोली हे औषधच आहे. २६ अंशांवर एसी आणि सोबत पंखा एवढे पुरते.

वृद्धांना तहान उशिरा जाणवते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी, ताक किंवा पन्हे हातात द्यावे. आपल्या आईंच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असेल, तर उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना आताच विचारावे. स्वतः मात्र गोळी बंद करू नये, आणि मीठ घातलेली पेये किती द्यावीत हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. लघवी गडद पिवळी होणे ही पहिली सूचना समजावी. जुलाब-उलट्या किंवा खूप घाम झाल्यास ओआरएसची पुडी द्यावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप मोडू नये. हवेचे तापमान ४० च्या वर गेल्यावर नुसता पंखा अंगावर गरम झोतच फेकतो. ओला पंचा अंगावर असेल तर मात्र तोच पंखा कामाचा ठरतो.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग भट्टीसारखे लागले, तर तो उष्माघात आहे, मग घाम येत असो वा नसो. लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत निजवून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, आणि पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही, दुसऱ्या खिशात पाण्याची बाटली असावी.

निसवण :

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक आहे. शेत विकण्याचा विचार मे महिन्यात करू नये, जानेवारीत करावा, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. पण त्यात तथ्य आहे. उष्ण वाऱ्याने पाने फाटतात, मृगबागेचे, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीचे, घड याच दिवसांत वाढत असतात आणि ऊन पडून ते काळे पडतात, हे सगळे खरे आहे. तरीही ज्यांनी बागेच्या पश्चिम-दक्षिण बाजूला शेवरीची दाट ओळ वेळेवर लावली किंवा हिरवी नेट बांधली, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन केले आणि घड झाकून घेतले, त्यांचे नुकसान शेजारच्या उघड्या बागेच्या मानाने पुष्कळ कमी झालेले मी पाहिले आहे. ठिबकचे पाणी भर दुपारी एकदम देण्याऐवजी पहाटे व रात्री विभागून द्यावे. हवामानावर आधारित फळपीक विमा काढलेला असल्यास भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर नाही. त्यामुळे आपले शेत कोणत्या मंडळात धरले आहे, हे आधी पाहून घ्यावे.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आपण घरात सावली करतो, पण केळी कापणारा आणि घड वाहणारा मजूर रोजावर असतो. काम पहाटे पाचला सुरू करून दहाला थांबवावे आणि रोज पूर्ण द्यावा. एवढे बागायतदाराच्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

हतनूरकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. एसी या वर्षी घेत नाही. चुना, पश्चिमेला चटई, गच्चीवर नेट आणि कूलरसमोरची खिडकी उघडी, एवढे याच आठवड्यात करतो. आईंच्या गोळ्यांविषयी उद्याच विचारतो. नाशिकचा विषय दिवाळीपर्यंत घरात काढायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. चुनखडी, दोन शंका आहेत : चुना पायाला लागून घरभर येतो तो कसा थांबवावा, आणि पुढे गच्चीवर सौर पॅनल बसवायचे असतील तर हा खर्च वाया जाईल का?

चुनखडी :

वाया जाणार नाही. पॅनल स्लॅबपासून उंच बसतात, त्यामुळे त्यांच्याखाली सावली होते आणि तेवढा भाग आपोआप थंड राहतो. उरलेल्या भागाला चुना लागतोच. केंद्र सरकारच्या छतावरील सौर पॅनलसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, त्यामुळे एसी पुढे घेणारच असाल तर पॅनल आधी बसवावेत, म्हणजे आपल्या मुलीच्या प्रश्नालाही एक उत्तर मिळेल. चुन्याचे म्हणाल, तर कळीचा चुना मोठ्या पत्र्याच्या डब्यात आदल्या रात्री भिजवावा, डोळे आणि हात जपावेत, कारण तो विरताना उकळतो. सकाळी तो गाळून त्यात सरस किंवा चिकटवण्याचे द्रावण मिसळावे, म्हणजे पायाला लागत नाही. आधी भेगा बुजवून गच्ची झाडून घ्यावी, ऊन उतरल्यावर ती ओली करावी आणि मग पहिला हात द्यावा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गच्चीचे पाणी टाकीत किंवा कूपनलिकेत सोडत असाल, तर पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर जाऊ द्यावे.