क्रेपस्क्युलर म्हणजे निशाचरच ना?

प्रश्न: पोरीच्या इंग्रजी पुस्तकात सशाला क्रेपस्क्युलर म्हटलंय. आमच्या रावेरकडे केळीच्या बागेत ससे दिवस मावळतानाच दिसतात, मग निशाचर म्हणायचं का?

उत्तर: नाही भो, निशाचर म्हणजे नॉक्टर्नल. लॅटिनमध्ये क्रेपुस्कुलम म्हणजे संधिप्रकाश, त्यावरून हे विशेषण आलं, म्हणजे झुंजुमुंजू झाल्यावर नि तिन्हीसांजेला जास्त हिंडणारा प्राणी. तुम्ही पाहिलं तेच बरोबर.

उत्तर: फक्त प्राण्यांनाच नाही, ढगांच्या फटीतून उन्हाचे पट्टे उतरतात ना त्यांनाही क्रेपस्क्युलर रेज म्हणतात, पावसाळ्यात भुसावळला तापीच्या पुलावरून पाहिलेत मी, पाणी पार तांबूस दिसत होतं. बोलण्यात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही, पुस्तकीच आहे.

प्रश्नकर्ता: पोरीला 'सांजसकाळचा' असं सांगितलं, लगेच समजलं तिला. धन्यवाद!