लक्षद्वीपवरून युरोप गाठायचा तर आडवा डायपोल की उभी अँटेना?

लघुलहरी_पुणे:
नमस्कार. सर्व परवानग्या वेळेत हाती आल्या, तर या डिसेंबरात आम्ही तिघे हौशी रेडिओचालक कडमत बेटावरून आठवडाभर केंद्र चालवणार आहोत. जहाजाने जायचे असल्याने सामान बेताचेच नेता येईल: 100 वॉटचा एक संच, बॅटऱ्या आणि फायबरचा 10 मीटरचा एकच खांब. मुख्य भर 14 आणि 7 मेगाहर्ट्झवर, युरोपच्या दिशेने. घरच्या गच्चीवर मी आजवर डायपोलच (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या भागांची तार) वापरला आहे. तोच तेथे माडांमध्ये ताणावा की किनाऱ्यावर उभी अँटेना लावावी? पश्चिमेचे लगून (प्रवाळभिंतीच्या आतले पाणी) अगदी उथळ आहे. तेवढ्या पाण्याचा काही उपयोग होतो का?

खारावारा_रत्नागिरी:
उभी अँटेना, आणि तीही लगूनच्या काठावर. युरोपला जाणारी लहर क्षितिजापासून साधारण 5 ते 15 अंशांवर निघायला हवी. 10 मीटर उंचीवरचा आडवा डायपोल 14 मेगाहर्ट्झवर आपली बहुतेक शक्ती 30 अंशांच्या आसपास टाकतो आणि 7 मेगाहर्ट्झवर तर जवळजवळ सरळ डोक्यावर. 14 मेगाहर्ट्झवर 10 अंश साधायचे तर तो सुमारे 30 मीटर उंच हवा, आणि ते तुमच्या आवाक्यातले नाही. उभ्या अँटेनाचे भवितव्य मात्र समोरच्या पृष्ठभागावर ठरते. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साधारण जमिनीच्या सुमारे हजारपट असते, त्यामुळे जी कमी कोनाची शक्ती कोरड्या वाळूत जिरून जाते, तीच पाण्यावरून जवळजवळ पूर्ण परावर्तित होते.

उथळपणाची चिंता नको. 14 मेगाहर्ट्झची लहर खाऱ्या पाण्यात सहा सेंटिमीटरच्या आसपासच शिरते. गुडघाभर लगून तिच्यासाठी समुद्रच आहे. आणि कडमतचे लगून पश्चिमेला, म्हणजे नेमके युरोपच्या अंगाला आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू.

हे मी स्वतः अनुभवले आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर एकाच मापाच्या दोन उभ्या तारा, एक भरतीच्या रेषेवर आणि दुसरी मागे सुरूच्या बनाजवळ लावून, आळीपाळीने ऐकत बसलो होतो. बनाजवळच्या तारेवर जे युरोपीय केंद्र खरखरीत बुडत होते, ते पाण्याजवळच्या तारेवर येताच त्याचे संबोधन (केंद्राची ओळखखूण) अक्षर न् अक्षर लिहून घेता आले.

14 मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल जेमतेम 10 मीटरचा असतो, म्हणून तुमच्याकडे आहे तोच डायपोल खांबावर उभा बांधा; रेडियलची (उभ्या तारेच्या पायथ्याशी आडव्या पसरायच्या तारांची) गरजच उरणार नाही. फक्त कोअॅक्स केबल (संचाला अँटेनाशी जोडणारी) मधल्या जोडापासून काटकोनात दूर न्या. 7 मेगाहर्ट्झसाठी 10 मीटरची एक उभी तार आणि भरतीच्या पाण्यापासून वर उचललेले, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ताणलेले दोन रेडियल पुरतील.

सांजरेषा_बंगळूर:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त वेळांचे लिहितो. डिसेंबरात 14 मेगाहर्ट्झवर दुपारपासून संध्याकाळपर्यंत थांबा, कारण तेव्हा दोन्हीकडे उजेड असतो. 7 मेगाहर्ट्झ रात्री दहानंतर, पश्चिम युरोपातही अंधार पडल्यावर, खऱ्या अर्थाने उघडेल. पहाटे झोपू नका. सूर्योदयाच्या आगेमागे काही मिनिटे संदेश एकदम वर उचलला जातो.

चुंबकीय विषुववृत्त तुमच्यापासून फार दूर नाही; थुंबा येथून 1963 साली अग्निबाण सोडण्याचे कारणही तेच होते. त्यामुळे सूर्यास्तानंतर कधी कधी आयनांबर (लघुलहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा थर) विस्कटते आणि समोरच्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. तेव्हा अँटेना खाली उतरवून दोष शोधत बसू नका. हा त्रास संपातांच्या (मार्च व सप्टेंबर) आसपास अधिक असतो, डिसेंबरात सहसा कमी.

लघुलहरी_पुणे:
मनापासून आभार. खाऱ्या हवेत आठवडाभर जोड टिकतील का?

खारावारा_रत्नागिरी:
उघडे ठेवले तर नाही. माझ्या तांब्याच्या जोडावर दुसऱ्याच सकाळी हिरवी पूड धरली होती आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून संचाकडे परत येणाऱ्या शक्तीचे माप) हलू लागला होता. प्रत्येक जोड स्वतःच चिकटून एकजीव होणाऱ्या रबरी पट्टीने घट्ट गुंडाळा, मधला इन्सुलेटर रोज सकाळी गोड्या पाण्याने पुसा, आणि एसडब्ल्यूआर भरतीला व ओहोटीला वेगवेगळा मोजून वहीत लिहून ठेवा, म्हणजे पाण्यामुळे झालेला बदल कोणता आणि जोड खराब झाल्याचा कोणता, हे लगेच कळेल.