‘ओरिएंट एक्सप्रेस’ (२०१७): पॉयरोला विचार करायला वेळच दिलेला नाही?

प्रश्न

अगाथा ख्रिस्ती यांची १९३४ सालची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ पुन्हा वाचली आणि पाठोपाठ केनेथ ब्रॅना यांचा २०१७ सालचा चित्रपट पाहिला. नामवंत कलाकार, उंची वेशभूषा, बर्फाचे डोंगर असे सारे असूनही मन खट्टू झाले. गुप्तहेर पॉयरो स्वस्थ बसून विचार करतो, अशा अर्थाचे शीर्षक कादंबरीच्या तिसऱ्या भागाला आहे. चित्रपटात मात्र तो पुलाच्या सांगाड्यावरून संशयिताचा पाठलाग करतो आणि पुढे गोळीही झेलतो. पडद्यासाठी एवढे बदल खरोखर अपरिहार्य असतात का?

प्रतिसाद १

मुळीच नसतात. सिडनी ल्युमेट यांच्या १९७४च्या चित्रपटातली इन्ग्रिड बर्गमन यांची जबानी आठवून पाहा. कॅमेरा कुठेही न तोडता घेतलेला तो लांबलचक प्रसंग केवळ प्रश्न, उत्तरे आणि एका बाईचा बावरलेला चेहरा यांवर उभा आहे, आणि त्या छोट्याशा भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

प्रतिसाद २

(कादंबरी वाचली नसेल, तर हा प्रतिसाद आणि पुढचा वगळावा.) मला पाठलागापेक्षा डॉक्टरचा बदल अधिक खटकला. मूळ कथेत प्रेत तपासणारे डॉ. कॉन्स्टन्टाइन खून झाला त्या डब्यातले नव्हेत, दुसऱ्या डब्यातले, म्हणून संशयाच्या पलीकडचे. काही जखमा खोल, काही निव्वळ ओरखडे, एखादी डाव्या हाताने केलेली, हे ते सांगतात तेव्हा वाचकाला निदान एक विश्वासाची साक्ष मिळते. ब्रॅना यांनी डॉक्टर आणि संशयित प्रवासी कर्नल अर्बथनॉट यांचे एकच पात्र केले. त्यामुळे प्रेताची तपासणी खुनाच्या कटातल्याच माणसाच्या हाती गेली, आणि शेवटी पॉयरोने मांडलेल्या दोन उकलींपैकी एक निवडणाऱ्या बूक (रेल्वे कंपनीचा संचालक) व डॉक्टर या त्रयस्थांची जोडीही मोडली. सगळा निवाडा एकट्या पॉयरोवर येऊन पडला.

प्रतिसाद ३

डॉक्टरबद्दल सहमत आहे, तरी २०१० सालच्या, पॉयरो साकारणाऱ्या डेव्हिड सुशे यांच्या दूरचित्रवाणी रूपांतरातही डॉक्टर कटात सामील होता, हे नोंदवावेसे वाटते. तरीही ते रूपांतर मला फार आवडते, कारण कायदा आणि न्याय यांतली पॉयरोची घालमेल तिथे त्याच्या कॅथलिक श्रद्धेतून येते आणि त्या गारठलेल्या डब्यात हळूहळू वाढत जाते. ब्रॅना यांनाही ती घालमेलच दाखवायची होती, असे मला वाटते. पण तिच्यासाठी लागणारा वेळ त्यांनी धावपळीत घालवला, आणि कटातल्या बारा जणांपैकी बहुतेकांचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच पॉयरो त्यांच्यापुढे पिस्तूल ठेवून मोकळा होतो.