मदत हवी आहे : हार्डनर घालूनही होडीचा फायबर घट्ट होत नाही

साळनदीकाठी (बेतूल) :
आमची फायबरची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे आणि १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठण्यापूर्वी तिच्या तळाची भेग बुजवायची आहे. शनिवारी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे तीन थर बसवले, रेझिन घट्ट करणारा हार्डनर नेहमीपेक्षा जास्तच घातला, तरी आज सोमवारी तो भाग काकवीसारखा चिकट आहे. वरून आणखी हार्डनर लावला तर चालेल का? कृपया लवकर सांगावे.

रसायनशिक्षक (फोंडा) :
रेझिन पॉलिएस्टरचे की इपॉक्सीचे? किलोला हार्डनर किती घातला? कोबाल्ट (हार्डनरचे काम वेगाने करवून घेणारा द्रव) घातला होता का? हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

वास्कोकर :
पॉलिएस्टर सोडून द्यावे. मी माझ्या होडीला इपॉक्सी वापरले आणि ते लाकडालाही उत्तम धरते.

रसायनशिक्षक :
इपॉक्सीचा हार्डनर बहुधा अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुग) असतो, पॉलिएस्टरच्या हार्डनरप्रमाणे त्यात पेरॉक्साइडचा संबंध नसतो. विचारलेल्या अडचणीचे हे उत्तर नव्हे.

साळनदीकाठी :
रेझिन पॉलिएस्टरचेच आहे, हार्डनर किलोला ४० मिली घातला. कोबाल्ट वेगळा घालावा लागतो हे ठाऊक नव्हते. पूर्वीच्या दुकानातले रेझिन गुलाबी-जांभळट असे, हे पिवळसर आहे.

रसायनशिक्षक :
मग कारण सापडले. गुलाबी रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळलेला असावा. आपला हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड वर्गातील प्रत्येक संयुगात ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात आणि हा बंध कार्बन-कार्बन बंधाहून खूपच दुबळा असतो. तो तुटला की मुक्तमूलके (अतिशय क्रियाशील तुकडे) तयार होतात आणि त्यांच्यामुळे रेझिनमधील स्टायरीन हा द्रव पॉलिएस्टरच्या साखळ्यांना एकमेकींशी सांधते. साध्या हवेच्या तापमानाला हा बंध पुरेशा वेगाने तुटत नाही, ते काम कोबाल्ट करून घेतो, म्हणून नुसता हार्डनर वाढवून उपयोग नाही. किलोला १० ते २० मिली हार्डनर पुरतो.

मडगावचा वाचक :
मग कोबाल्ट हार्डनरच्याच बाटलीत ओतून हलवावा, वेळ वाचेल.

यार्डातला कारागीर :
कृपया असे कदापि करू नका! हे दोन द्रव थेट एकत्र आले तर पेरॉक्साइडचे क्षणात विघटन होऊन आग लागते, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, त्यानंतरच हार्डनर घालावा, आणि दोन्ही बाटल्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा घालावा, आणि थेंब गेलाच तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धूत राहून डॉक्टरांकडे जावे.

म्हापशाची वाचक :
पेरॉक्साइड इतके घातक असेल तर घरातली जखम धुण्याच्या पेरॉक्साइडची बाटलीही टाकून द्यावी का?

रसायनशिक्षक :
ते सुमारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी १८१८ मध्ये बेरियम पेरॉक्साइडपासून शोधले तेच. बंध तोच, पण उरलेले जवळजवळ सगळे पाणीच असते. टाकू नका, मात्र उन्हात ठेवू नका.

साळनदीकाठी :
बसवलेले थर काढावेच लागतील का? आणि उरलेली मॅट सर्दावली आहे.

यार्डातला कारागीर :
होय, सगळे खरवडून काढा, जागा अॅसिटोनने पुसा, कोरडी झाल्यावर घासा. अॅसिटोन हार्डनरमध्ये मात्र कधीही मिसळू नका. मॅट नवीनच आणा, कारण ओलाव्यानेही रेझिन नीट धरत नाही. आधी वाटीभर रेझिन वेगळे घेऊन ते किती वेळात घट्ट होते ते पाहा आणि मगच तळाला हात लावा.