मदत हवी आहे: शाळा उघडण्याआधीचं शिक्षक प्रशिक्षण

नमस्कार मंडळी. बडोद्यात सीबीएसई शाळेत प्राथमिकला शिकवते. वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण असतं ना, त्यातले निम्मे तास शाळेतच करायचे. जूनमधला पहिला दिवस माझ्या गळ्यात पडलाय!

विषय वजाबाकी. दुसरीतली मुलं ४२ मधून १७ वजा करून सर्रास ३५ लिहितात, एककात ७ मोठे म्हणून त्यातूनच २ काढतात. अशा वह्यांच्या झेरॉक्स शिक्षकांपुढे ठेवून चर्चा घ्यावी म्हणते. पीपीटी नकोच, जेवणानंतर सगळे पेंगतात. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स बहुतेकांचे झालेत.

असं कुणी घेतलंय का? गट किती जणांचे करावेत? आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना न दुखावता बोलतं कसं करायचं? विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातलं कुणी असेल तर जरूर सांगा.