वस्तीवरून ड्रोन उडवायची परवानगी कामाकडे पाहून द्यावी का?

खुलेआभाळ

ड्रोनच्या नागरी वापराची चर्चा निघाली की सगळे वापर एकाच माळेत ओवले जातात. रक्ताची पिशवी नेणारा ड्रोन, पवनचक्कीचं पातं तपासणारा ड्रोन आणि कुणाला तरी फोनचं कव्हर अर्धा तास आधी मिळावं म्हणून शंभर घरांवरून जाणारा ड्रोन, तिघांचं कौतुक सारखंच होतं. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की वस्तीवरून उडायची परवानगी देताना काम कोणतं आहे हे आधी विचारलं पाहिजे. जीव वाचत असेल किंवा माणसाला धोक्याच्या जागी चढावं लागत नसेल, तर परवानगी द्या आणि लवकर द्या. घरपोच खरेदीसाठी मात्र वस्तीवरून उडू देऊ नये.

रवांडाचं उदाहरण घ्या. डोंगराळ देश, वळणावळणाचे रस्ते. तिथे ऑक्टोबर २०१६ पासून झिपलाइन या कंपनीची छोटी पंखांची मानवरहित विमानं रुग्णालयांना रक्त पोहोचवतात. ती उतरत नाहीत, कागदी पॅराशूट लावलेला खोका खाली सोडून परत फिरतात. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२२ साली यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. एका खेपेला सरासरी सुमारे ५० मिनिटं लागत होती, म्हणजे रस्त्यापेक्षा किमान ७९ मिनिटं कमी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुदत संपून वाया जाणारं रक्त वर्षभरात ६७ टक्क्यांनी घटलं. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. छोट्या रुग्णालयाने साठा ठेवला तर तो वाया जातो आणि नाही ठेवला तर रुग्ण दगावतो. ड्रोनमुळे साठा एका जागी ठेवून लागेल तेव्हा मागवता येऊ लागला. डिसेंबर २०२१ मध्ये स्वीडनच्या ट्रोल्हेट्टान शहरात बर्फ उपसताना एका ७१ वर्षांच्या गृहस्थांचं हृदय बंद पडलं. ड्रोनने तीन मिनिटांच्या आसपास डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू करणारं यंत्र, पोहोचवलं आणि ते वाचले. अशा कामासाठी माझ्या छपरावरून ड्रोन रात्री दोन वाजता गेला तरी माझी हरकत नाही.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या बोनिथन या उपनगरात २०१८ मध्ये विंग कंपनीने घरपोच सेवेची चाचणी सुरू केली. लोक आवाजाने हैराण झाले, संघटित झाले आणि प्रकरण विधानसभेच्या चौकशीपर्यंत गेलं. नासाने २०१७ मध्ये माणसांना वेगवेगळे आवाज ऐकवून पाहिले. पातळी तेवढीच असली तरी ड्रोनचा आवाज रस्त्यावरच्या वाहनांपेक्षा जास्त त्रासदायक वाटला. सामान एकाने मागवलं, आवाज मात्र वाटेतल्या प्रत्येक घराने सोसायचा. त्या घरांना कुणी विचारलं होतं?

विमानविद्या

पूर्ण असहमत. हवाई सुरक्षेचा नियम हेतूवर उभा करणं धोक्याचं आहे. दहा किलोचं यंत्र डोक्यावर पडलं तर आत रक्त होतं की फोनचं कव्हर, याने जखम बदलत नाही. वजन, वेग, खाली असलेली माणसं आणि एखादा भाग निकामी झाला तर यंत्र काय करतं, यावर नियम हवा. युरोपात ३१ डिसेंबर २०२० पासून जे नियम लागू झाले ते याच पायावर आहेत. कमी धोक्याची उड्डाणं खुल्या गटात, मधली विशिष्ट गटात आणि माणसं वाहून नेण्यासारखी कामं प्रमाणित गटात.

तुमच्याच निकषावर उत्तीर्ण होणारं एक उदाहरण देतो. स्वित्झर्लंडचं टपाल खातं ड्रोनने रुग्णालयांमध्ये प्रयोगशाळेचे नमुने नेत होतं. काम अगदी पुण्याचं. जानेवारी २०१९ मध्ये एक ड्रोन झुरिचच्या सरोवरात पडला, त्याचं पॅराशूट तरी उघडलं होतं. मे महिन्यात दुसरा पडला तेव्हा पॅराशूटची दोरीच तुटली आणि यंत्र जंगलात कोसळलं. जवळच बालवाडीतली मुलं खेळत होती. तुमच्या नियमाने या सेवेला "लवकर परवानगी" मिळाली असती. माझ्या नियमाने आधी विचारलं असतं की ती दोरी किती ताण सोसते.

शिवाय, रक्ताच्या आणि खरेदीच्या सेवा अशा वेगळ्या राहतही नाहीत. ज्या झिपलाइनचं कौतुक केलंत, तिनेच २०२१ मध्ये अमेरिकेत आर्कान्सामध्ये वॉलमार्टचं सामान पोहोचवायला सुरुवात केली. हजारो साध्या खेपा झाल्या की कोणती मोटर कधी जाते, कोणत्या वाऱ्यात यंत्र डगमगतं हे कळतं. त्याचा फायदा रक्त नेणाऱ्या उड्डाणालाही होतो.

सर्वेवाला

तुम्ही दोघं खोक्यावर भांडताय. रोज जे ड्रोन पोटापाण्यासाठी उडतात त्यातल्या पुष्कळांना खोकाच नसतो. मी सर्वेक्षणात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

खाणीतून किती माल निघाला हे मोजायला पूर्वी माणूस प्रिझम लावलेली काठी घेऊन ढिगाऱ्यांवर चढायचा. भुसभुशीत उतार, वर डंपर. आता जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे नेमकी जागा मोजलेल्या खुणा, लावायचे, ड्रोनला पट्ट्यापट्ट्याने फिरवायचं आणि फोटो एकमेकांवर ७५–८० टक्के चढतील असा ओव्हरलॅप ठेवायचा. एकेक बिंदू बऱ्याच फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून आला की सॉफ्टवेअर त्याची उंची काढतं. बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं चालते, त्यामुळे कामाचं नियोजन बॅटऱ्यांवर होतं. कंट्रोल पॉइंट नीट नसतील तर नकाशा दिसायला सुंदर आणि मापाला खोटा निघतो. विजेच्या तारांवरचा सैल जोड थर्मल कॅमेऱ्यात तापलेला दिसतो, त्यासाठी खांबावर चढावं लागत नाही. बॉयलरच्या आत पिंजरा लावलेला ड्रोन भिंतींना धडकत धडकत फिरतो. एरवी तिथे आधी हवा तपासून, परांची बांधून माणूस उतरवावा लागतो.

आमची अडचण अशी की बहुतेक देशांत ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात आणि साधारण १२० मीटर उंचीच्या आत उडवायचा असतो. खाणीला ते पुरतं. शंभर किलोमीटरच्या पाइपलाइनला नाही, तिथे दर थोड्या अंतरावर गाडी हलवत बसावं लागतं. माणूसही नाही आणि वस्तीही नाही, अशा जागी हा नियम सैल करायला काय हरकत आहे? या बाबतीत मी विमानविद्या यांच्या बाजूने आहे, धोका पाहून नियम करा.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातमीने सुमारे एक हजार विमानं रद्द झाली किंवा वळवली गेली, जवळपास १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. ते कुणी केलं हे अजून सिद्ध झालेलं नाही. मार्च २०१९ मध्ये ब्रिटनने विमानतळाभोवतीचा बंदी घेर एक किलोमीटरवरून पाच किलोमीटरवर नेला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला खासगी ड्रोन धडकला, भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसलं. असं काही घडलं की बंदी येते सगळ्यांवर. परवाना काढून, विमा भरून काम करणाराही त्यात भरडला जातो.

शेतमळा

फवारणीचं कुणीच बोललं नाही, आणि ड्रोनच्या नागरी वापराची एक जुनी सुरुवात तिथेच आहे. जपानमध्ये यामाहाने १९८७ साली भातावर फवारणीसाठी मानवरहित हेलिकॉप्टर बाजारात आणलं, तेव्हा चार पंख्यांचे ड्रोन कुणाच्या डोळ्यांसमोरही नव्हते.

पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याचं औषध वाऱ्याने त्याच्याच अंगावर येतं. उंच पिकात तर तो औषधाच्या ढगातूनच चालतो. ड्रोनने त्याला तिथून बाहेर काढलं, यासाठी मी या यंत्राच्या बाजूने कितीही वेळ भांडेन. मात्र एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. ड्रोनला पाणी थोडंच उचलता येतं, म्हणून द्रावण दाट करतात आणि थेंब बारीक ठेवतात. पंख्यांचा झोत औषध पिकात खाली दाबतो हे खरं, पण वारा असेल किंवा उंची जास्त ठेवली तर तोच बारीक थेंब शेजारच्या शेतात, विहिरीवर, मधमाश्यांवर जातो. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशातच हवाई फवारणीवर बंदी घालून फक्त अपवादाने परवानगी ठेवली, त्यामागे हेच कारण. त्यामुळे "चांगलं काम आहे, उडू द्या" एवढं पुरत नाही. वारा किती असताना थांबायचं आणि बांधापासून किती अंतर सोडायचं हे लिहिलेलं हवं.

पाणथळ

इथे अजून फक्त माणसांचाच हिशोब चालला आहे. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या राखीव पाणथळीत एक ड्रोन पडला. सुरय पक्ष्यांना तो शिकारी वाटला. सुमारे तीन हजार पक्षी उडाले ते परतले नाहीत आणि दीड हजारांहून जास्त अंडी वाळूवर तशीच राहिली. त्या हंगामाची वीण तिथेच संपली. ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला नाही, म्हणजे धोक्याच्या तक्त्यात ही दुर्घटनाच नाही!

अमेरिकेत मिनेसोटामध्ये संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या हृदयाचे ठोके मोजले. ड्रोन डोक्यावर आला की बहुतेक अस्वलं जागची हलत नव्हती, पण ठोके कमालीचे वाढत होते. "प्राणी पळाले नाहीत, म्हणजे त्रास झाला नाही" हे वाक्य मी चित्रीकरण करणाऱ्यांकडून फार ऐकते. ते खोटं आहे.

खुलेआभाळ

@विमानविद्या, झुरिचचा दाखला माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. सुरक्षेची तपासणी सगळ्यांचीच व्हावी, रक्तवाल्याचीही. माझा प्रश्न तपासणीनंतरचा आहे. प्रत्येक यंत्रात थोडा धोका उरतोच. तो लोकांनी कशासाठी सोसायचा? रुग्णवाहिकेला सिग्नल तोडू देतो तेव्हा धोका शून्य नसतो, पण आत कोण आहे हे पाहून आपण तो पत्करतो. तीच सूट सामानाच्या गाडीला देत नाही.

विमानविद्या

पण सामानाच्या गाडीला रस्त्यावर बंदीही घालत नाही! अर्धा किलोच्या पुडक्यासाठी दोन टनांची गाडी शाळेसमोरून जाते, माणसं चिरडली जातात, आणि त्या धोक्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो कुणी मोजतही नाही. ड्रोनची तुलना रिकाम्या आकाशाशी नको, त्याच्या जागी जी गाडी धावली असती तिच्याशी करा.

आवाजाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी एका घरावरून तासाला किती उड्डाणं आणि जमिनीवर किती डेसिबल, ही मर्यादा घाला. खोक्यात काय आहे हे विचारायची गरज उरत नाही. @पाणथळ, राखीव क्षेत्रं आणि विणीचा काळ नकाशातच बंद करता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

तिसरीखिडकी

आवाज बंद झाला तरी कॅमेरा उरतोच. सामान सोडणाऱ्या ड्रोनलाही जागा ओळखायला खाली पाहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहराचे पोलीस २०१८ पासून मदतीसाठी फोन आला की त्या जागी थेट ड्रोन पाठवतात, गाडीच्या आधी पोहोचतो म्हणून. उपयोग आहे, नाकारत नाही. पण फोनच्या जागेपर्यंत जाताना तो वाटेतल्या किती अंगणांवरून जातो? ते चित्रीकरण लोकांना पाहता यावं म्हणून एका पत्रकाराला न्यायालयात जावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की असं सगळंच चित्रीकरण सरसकट गुप्त ठेवता येणार नाही. खुलेआभाळ यांच्या निकषात हे ड्रोन "जीव वाचवणारे" म्हणून सहज बसतील, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. चित्रीकरण किती दिवसांत पुसायचं हे परवान्यातच लिहा.

खुलेआभाळ

@तिसरीखिडकी, पुसण्याची मुदत हवीच, आणि ती पोलिसांना आधी लागू व्हावी.

@विमानविद्या, तुमच्या मर्यादेपुरतं बोलू. तासाला चार उड्डाणं की चाळीस, हे ठरवणार कोण? आज आकाश केंद्रीय विमान यंत्रणेच्या ताब्यात असतं आणि खाली राहणाऱ्यांना मत नसतं. गावाच्या किंवा उपनगराच्या संस्थेला हा आकडा ठरवू द्या, मग खरेदीवरची माझी बंदी मी मागे घेते.

विमानविद्या

प्रत्येक उपनगराचा आकडा वेगळा झाला तर सलग मार्गच राहणार नाही, आणि त्यात पहिलं अडकेल ते दोन शहरांमधलं रक्ताचं उड्डाण. त्यापेक्षा घरोघरी जाणं सोडून ठरलेल्या मार्गाने, वस्तीच्या कडेच्या एका उतरण्याच्या जागेपर्यंतच सामान न्यावं. शेवटचं अंतर लोक चालतील. मार्ग केंद्राने आखावेत, हरकती ऐकून.

शेतमळा

कडेला कोण राहतं हे आधी पाहा. रेल्वेचे रूळ, उच्च दाबाच्या तारा, कचऱ्याचे डोंगर हे सगळं कडेलाच गेलं, आणि तिथे राहणाऱ्यांच्या हरकती कागदावर ऐकून घेतल्या गेल्या. मार्ग आखायचाच असेल तर ज्या वस्तीतून जास्त मागणी येते तिच्याच डोक्यावरून तो जावा, हे नियमात घाला. मग तासाला किती उड्डाणं चालतील याचा आकडा तीच माणसं स्वतःहून सांगतील.